बुट्टीतली गल्ली

मेट्रो आम्हाला हवी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, घर गेलं म्हणून ही बाई बोटं मोडत बसलीय. रंकाळ्यापासून कागलच्या एमआयडीसीपर्यंत डोक्यावरनं गाडी धावणार असं ठरलं, तेव्हा आमच्या नंदीवेस गल्लीत पहिले पेढे मी वाटले होते. माझी पोरगीच मेट्रोच्या कंपनीत होती, मग मी नाही वाटायचे तर कुणी?

मी शैलजा इंगवले. गल्लीच्या तोंडाला माझं मिरची कांडप होतं. ऊन तापायला लागलं की बायका आपापली ब्याडगी, संकेश्वरी वाळवून आणायच्या, खोबरं-लसूण घरनं भाजून आणायच्या आणि आपली चटणी आपल्या डोळ्यांदेखत कुटून न्यायच्या. डोळ्यांदेखत हे महत्त्वाचं. कोल्हापूरची बाई नवरा एक वेळ दुसऱ्याच्या भरवशावर सोडेल, चटणी सोडणार नाही. पदर नाकाला लावून चौघीजणी बाकड्यावर बसायच्या, शिंकायच्या, आणि कुणाची सून कशी आहे याचा निकाल तिथंच लागायचा.

आमचे मालक सर्जेराव मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. चालवायचे म्हणजे दुकान कारागीर चालवायचा आणि हे तालमीत बसायचे. नंदीवेस तालीम मंडळाचे ते अध्यक्ष. आमच्याकडं तालमीत आता कुस्ती थोडी आणि बाकीचंच जास्त. गणपती तालमीचा, फुटबॉलचा संघ तालमीचा, रक्तदान तालमीचं आणि मारामाऱ्याही तालमीच्याच. आमची ईर्षा शेजारच्या बुरुज गल्लीशी. त्यांची मूर्ती आमच्यापेक्षा वीतभर उंच निघाली, त्या वर्षी आमचे हे तीन दिवस जेवले नव्हते. मी ताट वाढून झाकून ठेवायचे आणि तसंच उचलायचे. असल्या माणसाशी संसार केला मी, आणि आवडीनं केला, हेही सांगते.

ईश्वरी आमची एकुलती एक. शिकली, पुण्यात राहिली, आणि मेट्रो बांधणाऱ्या ‘नगररेखा’ कंपनीत नोकरी लागून परत गावी आली. एका रविवारी जेवताना मी सहज विचारलं, “एवढ्या मोठ्या गाडीला पैसे कुणी दिले गं?”

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “सरकारनं दिलेत त्यात खांब उभे राहतील, वरची गाडी नाही. बाकीचे पैसे पुढच्या काळातनं आणायचे.”

“पुढच्या काळात काय तुझ्या मामाचं दुकान आहे?”

ती हसली आणि मग तिनं नीट समजावून सांगितलं. आपला फोन दिवसभर टॉवरला सांगत असतो की मी इथं आहे, आता तिथं आहे. कंपनीला त्यातलं नाव कळत नाही, नंबर कळत नाही, नकाशावर नुसता एक बिंदू फिरताना दिसतो. गावातल्या सगळ्यांचे असे बिंदू वर्षभर गोळा केले की यंत्र त्यावरनं एक दुसरं कोल्हापूर तयार करतं. प्रतिनगर म्हणतात त्याला. त्यात प्रत्येक माणसाची एक नक्कल असते, आपल्यासारखीच उठणारी, कामाला जाणारी, मंगळवारी बाजार करणारी. त्या नकली गावात नकली मेट्रो सोडायची आणि पुढची तीस वर्षं हजारदा चालवून बघायची. कोण कुठं चढतं, कुठं उतरतं, स्टेशनजवळची कुठली जागा किती महागते. जागेचा भाव जो पुढं वाढणार, त्यातला वाटा आजच रोखे काढून विकून टाकायचा. त्या पैशात मेट्रो उभी राहते.

“आणि हे रोखे घेतं कोण?”

“लांब लांबचे लोक. पेन्शन फंड, विमा कंपन्या. त्यांनी रंकाळा बघितलेला नाही, बघायचाही नाही. ते फक्त प्रतिनगराचा आकडा बघतात. पूर्वी माणसं अंदाज बांधायची आणि निम्म्या मेट्रो रिकाम्या धावायच्या, म्हणून आता माणसाच्या अंदाजावर कुणी दमडी देत नाही. तू कशी मिरचीची पिशवी बघून चटणी किती निघेल सांगतेस, तसंच यंत्राचं.”

“मी पिशवीत हात घालून बघते,” मी म्हटलं.

आमचे हे इतका वेळ भात कालवत होते. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, “मग स्टेशन कुठं येणार?”

“बुरुज गल्लीला. जुन्या जकात नाक्याचं मैदान आहे ना, तिथं. कुणाचं घर जात नाही.”

“आपल्याकडं का नाही?”

“आपल्याकडनं माणसं नाहीत, अण्णा. नंदीवेसीतनं रोज उठून कागलला कोण जातं?”

“आणि जात असती तर?”

“तर आपल्याकडं आलं असतं,” असं म्हणून पोरीनं ताक मागितलं. आमचे हे गप्प झाले. हा माणूस गप्प बसला की काहीतरी शिजतंय, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

आठवडाभरानं ते माझ्या कांडपात आले आणि मिरच्या वाळवायची माझी मोठी वेताची बुट्टी उचलून चालू लागले. मी म्हटलं, “अहो, बुट्टी कुठं निघाली?” म्हणाले, “तालमीत.” मी मागोमाग गेले. तालमीच्या हौद्याभोवती, म्हणजे कुस्तीच्या मातीभोवती, सगळी गल्ली जमलेली. एकेकजण पुढं येऊन बुट्टीत फोन टाकत होता, देवीच्या ओटीत टाकावा तसा.

बेत असा होता. दूध तापवून झालं की घरोघरचे फोन गोळा करायचे, बुट्टी सकाळच्या बसनं कागलकडं न्यायची, दिवसभर तिथं ठेवायची आणि संध्याकाळच्या बसनं परत आणायची. म्हणजे यंत्राला वाटेल, अख्खी नंदीवेस रोज कागलला कामाला जाते. ठेवायची कुठं, तर बाबू चौगलेच्या पोल्ट्रीत. बाबू हा ह्यांचा जीवश्चकंठश्च मित्र, जुना पैलवान, हायवेला लागून त्याची कोंबड्यांची शेड. ज्यांना दिवसभर फोनावाचून चालत नव्हतं त्यांनी कामापुरता दुसरा घेतला. सरकारदरबारी नावावर असलेला तेवढा बुट्टीत गेला.

“तुझा दे,” आमचे हे मला म्हणाले.

“माझी गिऱ्हाइकं फोन करतात. मिरची कधी आणू विचारतात. तुमच्या कोंबड्या सांगणार आहेत का त्यांना?”

“शैला, चारचौघांत शोभा करू नको. अध्यक्षाच्या बायकोनंच नाही दिला तर लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. ज्या कंपनीत आपली पोरगी कामाला आहे, तिलाच फसवताय तुम्ही.”

“फसवणं कसलं त्यात? फोन खरंच जातोय की कागलला.”

माझं डोकं फिरलं. मी फोन कमरेला खोचला आणि निघून आले. खरं सांगते, त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. माझी बुट्टी मला न विचारता उचलली, हा राग जास्त होता. पुढं ते दिवाळीपासनं पाडव्यापर्यंत आणि पाडव्यापासनं पुन्हा दिवाळीपर्यंत चाललं. कुणी आजारी पडलं तर फोनाची जबाबदारी शेजारच्यानं घ्यायची, पाऊस असला तर बुट्टीवर प्लास्टिक बांधायचं. गणपतीची वर्गणी द्यायला रडणारी माणसं या कामात एक दिवस चुकली नाहीत. ईश्वरीला कुणी ताकास तूर लागू दिली नाही. ती राहायला ऑफिसच्या बाजूला होती आणि सणावाराला यायची, तेव्हा बुट्टी माझ्या माळ्यावर असायची.

आणि स्टेशन नंदीवेसला आलं.

बातमी आली त्या संध्याकाळी तालमीनं हलगी काढली. गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. मिरवणूक मुद्दाम बुरुज गल्लीवरनं नेली आणि त्यांच्या तालमीसमोर हलगीवाल्यांना थांबवून वाजवायला लावलं. बुरुज गल्लीवाले दारं लावून बसले होते. आमचे हे घरी आले ते गुलालात न्हाऊन, डोळ्यांत पाणी. म्हणाले, “शैला, नकाशावर नाव लागलं बघ आपलं.” मी त्यांना आंघोळीला पाणी काढून दिलं. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

नोटिसा त्यानंतर महिन्यात आल्या. आकडा फार चांगला आला होता, तोच नडला. नंदीवेसीतनं इतकी माणसं चढणार म्हटल्यावर साधा थांबा पुरणार नव्हता. मोठं स्टेशन, खाली दुकानं, वर तीस मजली इमारत, आणि त्या सगळ्याला जागा अख्ख्या गल्लीची. तालीमसुद्धा. रोखे घेणाऱ्यांनी नंदीवेसच्या आकड्यावरच जास्त पैसे लावले होते. गल्लीत चूल पेटली नाही म्हणतात ना, तसा दिवस गेला.

ईश्वरी धावत आली आणि तिनं तालमीत सगळ्यांना गोळा करून धीर दिला. म्हणाली, पूर्वीसारखं आता नाही, घरं गेलेल्यांना कुठंही नेऊन टाकत नाहीत. नवा कायदा फार विचार करून केलाय. माणसाचं जगणं खरोखर जिथं चालतं, तिथंच त्याला घर द्यायचं. त्यासाठी ज्याचा त्याचा बिंदू संमतीनं नावाला जोडायचा आणि माणूस दिवसाचे जागे तास कुठं कुठं घालवतो, त्याचा मध्य काढायचा. त्याला नित्यबिंदू म्हणतात. कुणाचा मुलगा शेजारच्या शाळेत, कुणाचं देऊळ कोपऱ्यावर, सगळं त्यात धरलं जातं. “तुमचं सगळं आयुष्य याच गल्लीत आहे,” ती म्हणाली, “म्हणजे घर इथंच, वरच्या इमारतीत मिळणार. कंपनीला द्यावंच लागेल.”

“आणि झोपायचे तास?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“ते धरत नाहीत, अण्णा. नुसतं झोपायला माणूस कुठंही येतो.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी बाबूकडं बघितलं. सगळ्या तालमीत कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

घरवाटपाचे निरोप सगळ्यांच्या फोनवर एकाच दुपारी आले. बाबू चौगलेनं नकाशा मोठा करून बघितला आणि हसायला लागला, म्हणजे आधी हसला आणि मग भिंतीला टेकून खाली बसला. नंदीवेसच्या लोकांना घरं मिळाली होती ती हायवेला, कागलच्या अलीकडं. त्याच्याच पोल्ट्रीची जमीन कंपनी विकत घेणार होती आणि शेड पाडून तिथंच वसाहत होणार होती. यंत्राला आमच्या जगण्याचा मध्य बरोब्बर कोंबड्यांत सापडला होता.

एकटा माझा निरोप वेगळा होता. नंदीवेस स्टेशन, वरच्या इमारतीत एक खोली, खाली एक गाळा. एका माणसासाठी.

ईश्वरीनं त्या दिवशी दार लावून घेतलं आणि बापासमोर उभी राहिली. “अण्णा, मी बिंदू बघितले. एवढी माणसं सकाळी एकत्र निघतात, दिवसभर एका जागी हलत नाहीत, संध्याकाळी एकत्र परत येतात. यंत्रानं काय लिहिलंय माहितीय? अतिशय घट्ट समाज, यांना एकमेकांपासून तोडू नये. मला वाटलं, तिथं एखादा मठ असेल. काय आहे तिथं?”

ह्यांनी बुट्टी आणून तिच्यापुढं ठेवली.

पोरगी बुट्टीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मी जेवताना बोलले होते ते.” आणि रडायला लागली. लहानपणी पडली तरी न रडणारी पोर माझी. मी जवळ घ्यायला गेले तर तिनं हात झटकला.

डोळे पुसून तिनं सरळ सांगितलं, अजून वेळ आहे. मी कंपनीला कळवते की नंदीवेसचे बिंदू खोटे आहेत. सगळं रद्द होईल, घरं वाचतील. पण रोखे विकून झालेत, म्हणजे ही लांबलांबच्या माणसांची फसवणूक ठरते. खटला होईल, पहिलं नाव अण्णांचं. माझी नोकरी जाईल ती वेगळीच. “कळवू का?” तिनं विचारलं. बापाला नाही, मला.

“कळव,” मी म्हटलं.

“कळव,” हेही म्हणाले. “मी जातो आत. पण आधी तालमीत सांगावं लागेल. गल्लीचा विषय आहे.”

इथं मी त्यांना अडवायला पाहिजे होतं की काय, यावर मी खूप विचार केलाय. त्यांनी ऐकलं नसतं.

तालमीत सगळे हौद्याच्या कडेनं बसले. हे उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी, शिक्षा माझी, तुमची घरं राहतील. माणसं मोकळी झाल्यासारखी दिसली. कुणीतरी म्हणालं, दादा, तुम्हाला सोडवायला वर्गणी काढू. मग कोपऱ्यातनं एकानं विचारलं, “पण मग स्टेशन?”

“स्टेशन बुरुज गल्लीला,” ईश्वरी म्हणाली. “पहिल्यासारखं. मैदानात.”

हलगी घेऊन ज्यांच्या दारात नाचलो, त्यांच्या दारात आता स्टेशन होणार. आमचा अध्यक्ष कळंब्याच्या जेलात आणि बुरुज गल्लीचा अध्यक्ष फीत कापायला. प्रत्येकाच्या तोंडावर ते चित्र मला दिसत होतं. पांडुरंग मिस्त्री, ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत उठला आणि म्हणाला, “घर काय, कुठंबी बांधता येतंय. तोंड कुठं दाखवायचं?” हात वर करायला सांगितलं नव्हतं, तरी कंपनीला कळवायचं नाही म्हणून हात वर गेले.

मी ईश्वरीच्या शेजारी दारात उभी होते, तालमीच्या बैठकीत बायका बसत नाहीत. तिथनंच ओरडले, “अरे, अक्कल गहाण ठेवलीय का? राहती घरं चाललीत तुमची. बुरुज गल्लीला काय करायचंय ते करू द्या की.”

“वहिनी,” एकजण शांतपणे म्हणाला, “तुमचं कुठं काय चाललंय? तुम्हाला तर गाळा मिळालाय.”

बाकड्यावर बसून माझ्याकडं चटणी कुटून नेणाऱ्या बायका माना वळवून उभ्या होत्या. मी फोन दिला नाही म्हणून शहाणी ठरले होते आणि शहाणी ठरले म्हणून परकी झाले होते.

आमच्या ह्यांनी मान खाली घातली आणि गल्लीचं ऐकलं. ईश्वरीनं कंपनीला कळवलं नाही. बापाला जेलात घालायचं आणि तेही गल्लीच्या मनाविरुद्ध, हे तिच्यानं झालं नाही. त्यानंतर ती घरी आली ती पाहुण्यासारखी.

आता आमच्या दोघांचं काय, हा प्रश्न राहिला. नवरा-बायकोनं एकत्र घर घ्यायचं तर दोघांचे नित्यबिंदू एकत्र करून मध्य काढतात. ह्यांचा कोंबड्यांत, माझा कांडपात. मध्य पडला उजळाईवाडीला, विमानतळाच्या कुंपणाच्या आत. घरवाटपाच्या खिडकीवरची मुलगी चांगली होती बिचारी, म्हणाली, “काकू, तिथं घर देता येत नाही. एक तर तुम्ही तुमचा हक्क सोडा आणि काकांबरोबर वसाहतीत जा. नाहीतर दोघं वेगळे राहतो असं लिहून द्या, मग दोघांचं दोघांना मिळेल.”

घरी येताना आम्ही चालत आलो. मी म्हटलं, “मी हक्क सोडते. तिथं पत्र्याखाली कांडप टाकीन.”

“हायवेला कोण बाई मिरची घेऊन येणार आहे?” हे म्हणाले. “तू सही कर. गल्लीत आपल्यातलं एक माणूस राहिलं पाहिजे.”

“गल्ली राहतेय कुठं?”

“नाव राहतंय की.”

मला इतका संताप आला. आयुष्यभर या माणसानं गल्लीला आधी वाढलं आणि मला मागनं. आज वेगळं राहा म्हणतोय तेही गल्लीसाठीच. मी म्हटलं, “मग राहा तुमच्या कोंबड्यांत.” आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही करून आले. रागात केली. ते माझ्याशेजारी उभे राहून सही बघत होते आणि झाल्यावर त्यांनी माझी पिशवी धरली, नेहमी धरतात तशी.

मेट्रो सुरू होऊन आता दोन वर्षं झाली. नंदीवेस स्टेशन छान आहे. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव आहे, रात्री लांबनं दिसतं. माझा गाळा सरकत्या जिन्याच्या खाली. कांडप टाकता येत नाही, ठसका वर वातानुकूलन यंत्रात जातो म्हणून बंदी आहे. सांगलीहून पाकिटातली चटणी येते, ती मी विकते. मी ती स्वतः खात नाही. परवा बुरुज गल्लीची एक बाई आली, विचारलं, कुटून मिळेल का हो? मी नाही म्हटलं. बुरुज गल्ली जागच्या जागी आहे, हे सांगायचं राहिलं. स्टेशन चालत तीन मिनिटांवर, घरं सोन्याच्या भावाची झालीत, आणि एका विटेलाही धक्का नाही. आमच्या वसाहतीचं सरकारी नाव ‘नवी नंदीवेस’. बुरुज गल्लीवाले तिला खुराडं म्हणतात.

ईश्वरीला बक्षीस मिळालं. कोल्हापूरचा आकडा इतका अचूक निघाला की तसा दुसरीकडं कुठं निघाला नव्हता. नंदीवेस ते कागल रस्ता रोज इतकी माणसं जातील-येतील, असं यंत्रानं सांगितलं होतं आणि तितकीच जातात-येतात. जातील नाही तर काय करतील? पोरांच्या शाळा इकडं, गिऱ्हाइकं इकडं, धुण्याभांड्याची कामं इकडं. सकाळी अख्खी नवी नंदीवेस गाडीत बसून जुन्या नंदीवेसला उतरते आणि संध्याकाळी परत जाते. पूर्वी त्यांचे फोन जायचे, आता ती स्वतः जातात, तिकीट काढून. तिनं बक्षिसाचं सांगायला फोन केला तेव्हा मी अभिनंदन म्हटलं. ती म्हणाली, “आई, तू तरी नको ना म्हणू.”

त्याच फोनवर तिनं दुसरीही गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या योजनेत लिहिलं होतं की पाच वर्षांनी नित्यबिंदू पुन्हा काढतील आणि ज्याचा मध्य बदलला असेल त्याला घर बदलून देतील. ते कलम काढून टाकलंय. रोखे घेणाऱ्यांनी हरकत घेतली. नंदीवेसची माणसं परत नंदीवेसीत आली तर रोजची तिकिटं कोण काढणार? आकडे तीस वर्षांसाठी गोठवलेत. “अण्णांना सांग,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं होणार नाही.”

मी सांगितलेलं नाही.

कारण आमचे हे रोज येतात. सकाळच्या गाडीनं, खांद्यावर माझी वेताची बुट्टी घेऊन. माणसं उतरून कामाला गावभर पांगतात, म्हणून बुट्टीत अख्ख्या नव्या नंदीवेसचे फोन असतात. पाच वर्षं हे फोन दिवसभर जुन्या गल्लीत राहिले की यंत्राला कळेल आपलं जगणं कुठं आहे आणि सगळ्यांना परत घरं मिळतील, असा तालमीत ठराव झालाय. आता तालीम म्हणजे वसाहतीच्या पाण्याच्या टाकीखालचा कट्टा. स्टेशनचा पहारेकरी दोनदा विचारून गेला, मी सांगितलं, फोन दुरुस्तीला येतात.

बुट्टी माझ्या काउंटरवर ठेवून हे समोरच्या खांबाजवळ बसतात. त्यांचं दुकान होतं ती जागा. मी डबा देते, तो खातात. कधी पाय चेपून मागतात, चारचौघांत, आणि मी त्यांच्या अंगावर ओरडते. कुणीतरी त्यांना सांगितलंय की एका जागी पडून राहिलेले फोन यंत्र आता धरत नाही, हलते पाहिजेत. त्यांचे गुडघे गेलेत. म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की मी बुट्टी कमरेवर घेते आणि गल्लीभर फिरते. म्हणजे गल्ली होती तिथनं फिरते. तिकीट खिडकीजवळ पांडुरंग मिस्त्रीचं घर, पुढं पिठाची गिरणी, लिफ्टजवळ हौद्याची तांबडी माती. प्रत्येक दारात थोडं थांबते, ज्याचा फोन त्याच्या दारात. माणसांना वाटतं ही बाई काहीतरी विकतेय. एकदा एका मुलीनं विचारलं, काय आहे मावशी? मी म्हटलं, काही नाही, वाळवण आहे.

संध्याकाळच्या गाडीची घोषणा झाली की हे उठतात, गुडघ्यावर हात ठेवून. बुट्टी मागतात. मी त्यांच्या खांद्यावर देते.

“हलवलेस?” ते विचारतात.

“हलवले,” मी सांगते.